निळं अस्तर

माझ्या मोठ्या भावाच्या गालांना लाली लावली होती.

ओठांनाही काहीतरी लावलं असावं, कारण डेस्मंडचे ओठ आयुष्यात कधी इतके गुलाबी नव्हते. शवपेटीचं वरचं अर्धं झाकण उघडं होतं. आत पांढऱ्या सॅटिनच्या फुगीर उश्या, आणि त्यांच्यामध्ये फिकट निळ्या सुटात माझा भाऊ. निळा म्हणजे कसला, तर लहान मुलांच्या वाढदिवसाच्या केकवर साखरेची फुलं असतात ना, तसला. बारा वर्षांपूर्वी आईच्या अंत्यविधीला तो घरी आला होता तेव्हा त्याचे केस पांढरे झाले होते. आता ते तपकिरी होते आणि काहीतरी फवारून असे बसवले होते की वादळातही हलले नसते. खोलीभर त्या फवाऱ्याचा गोडसर वास होता. आणि कोटाची तिन्ही बटणं लावलेली होती. खालचंसुद्धा.

हे मी का सांगतोय? आमच्याकडे इंग्लंडात कोटाचं खालचं बटण कोणी लावत नाही. का लावत नाहीत ते मला विचारू नका. पुस्तकांत चार-पाच कारणं सापडतात, त्यातलं एकही मला पटत नाही. पण ते लावलेलं दिसलं की पोटात काहीतरी कसंतरी होतं, हे खरं.

"किती छान दिसतोय ना?" डार्लीन म्हणाली. ही त्याची बायको. मी तिला त्या दिवशी प्रथमच भेटत होतो. तोवर आमची ओळख नाताळच्या कार्डांपुरती. तिनं माझा दंड धरला होता आणि पहिल्या क्षणापासून ती मला अरे-तुरे करत होती. "ऑब्री, सांग ना. छान दिसतोय ना आपला डेस?"

मी "हं" म्हणालो. 

इंग्लंडात आम्ही गेलेल्या माणसाकडे बघत नाही. डॉक्टर बघतो, पेटीवाला बघतो, आणि मग झाकण बंद. आमचंच बरोबर असेल असं मी म्हणत नाही. कदाचित आम्ही भित्रे असू. पण विमानतळावरून रोंडानं, म्हणजे डार्लीनच्या आधीच्या लग्नाच्या मुलीनं, मला गाडीत घालून थेट तिथं आणलं होतं, आणि मला वाटलं होतं की एखाद्या बंद पेटीसमोर दोन मिनिटं मान खाली घालून उभं राहायचं असेल. तिथं तर रांग लागली होती. ओहायोमधल्या त्या गावातली माणसं एकेक करून पेटीपाशी येत, आत डोकावत, आणि नव्या मोटारीबद्दल बोलावं तसं बोलत.

"ऑडेलनं काम झकास केलंय हं."

"पंचावन्नचा वाटतोय, नाही?"

"सूट बघ की! डेस तो डेसच. एक सुरकुती चालायची नाही त्याला."

आणि मग त्यांची नजर माझ्यावर यायची. म्हणजे माझ्या कोटावर.

मी बाबांचा जाड लोकरी ट्वीडचा कोट घातला होता. बाबांनी तो लग्नाच्या आधी शिवून घेतला होता. कोपरांवर चामड्याची ठिगळं, बाह्यांच्या कडांना चामड्याची पट्टी, डावा खिसा एका कोपऱ्यात सुटून लोंबणारा. आतल्या अस्तरावर छातीपाशी तळहाताएवढा तपकिरी डाग होता. तो बाबांच्या चहाचा. घरात सगळे त्याला 'बाबांचा चहा' म्हणत, आणि काउंटी लायब्ररीत नोकरीला असताना मी तो एक-दोन जणांना मोठ्या कौतुकानं उघडून दाखवलाही होता. या कोटात मी कुठंही जाऊ शकत होतो. बिशपसमोर गेलो आहे. नवा कोट घालून गेलो असतो तर मात्र तोंड लपवावं लागलं असतं. आमच्या एका काकांनी नवा ओव्हरकोट शिवला तेव्हा तो पहिला अख्खा हिवाळा बागेच्या कुंपणावर टांगून ठेवला होता. पावसात भिजून, पक्ष्यांनी घाण करून तो जरा बसल्यावर मगच त्यांनी अंगात घातला. त्यात कोणाला काही विचित्र वाटलं नव्हतं.

"अंकल ऑब्री," रोंडानं हळूच विचारलं, "विमानवाल्यांनी तुमची बॅग हरवली का?"

"नाही. ही काय बॅग."

"अच्छा," ती म्हणाली आणि अर्धं पाऊल मागं सरकली. नंतर मी तिला मैत्रिणीच्या कानात सांगताना ऐकलं. मला कमी ऐकू येतं असा तिचा समज असावा. "बिचारा. अगं, भिजलेल्या कुत्र्यासारखा वास येतोय. तिकडं पेन्शन मिळत नाही का गं यांना?"

*

मी नुसता अंत्यविधीला गेलो नव्हतो. मी एका कामासाठी गेलो होतो.

डेस्मंड गेल्याची तार आली त्या सकाळी माझी बहीण विनिफ्रेड टोस्टला लोणी लावत होती. आम्ही दोघं श्रॉपशरमध्ये आमच्या जुन्या घरात राहतो. दोघांनीही लग्न केलं नाही. विनी माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, आणि घरात तिचा शब्द चालतो.

"ते लोक त्याला काहीतरी भयंकर घालून पुरतील," ती म्हणाली. "आइस्क्रीम विकणाऱ्यासारखं. तू बाबांचा कोट घेऊन जा."

"माझा कोट?"

"तुझा कधी झाला? बाबांचा, मग डेस्मंडचा. तो अमेरिकेला पळाला म्हणून तुझ्या अंगाला लागला. थोरल्याचा कोट आहे तो, ऑब्री. पेल्हम घराण्याचा माणूस आहे, पेल्हमासारखा जाऊ दे. आयुष्यभर धोबीपणा केला तेवढा पुरे."

धोबीपणा म्हणजे डेस्मंडचं ड्रायक्लीनिंगचं दुकान. आमच्या घरात त्याचा उल्लेख चारचौघांत होत नसे. आमचे आजोबा चर्चमध्ये डीन, म्हणजे बडे पाद्री, होते, बाबा लॅटिन शिकवत, आणि थोरला मुलगा महायुद्धानंतर ओहायोला जाऊन लोकांचे मळके कपडे धुऊ लागला. आई मरेपर्यंत "तो तिकडं काहीतरी व्यवसायात आहे" एवढंच सांगायची.

"मग परत येताना मी काय घालू?" मी विचारलं.

"तुझा तो दुसरा आहे ना. मांजर झोपतं तो."

दुसरा मी नेला नाही. त्यावर मांजर झोपलेलं होतं आणि मला त्याला उठवणं जमलं नाही. पण विनीचं म्हणणं मला मनापासून पटलं होतं, हे सांगितलं पाहिजे. आणि आता पेटीतला तो केकसारखा डेस्मंड पाहिल्यावर तर मला दुसरं काही सुचत नव्हतं. ते निळं काढायचं. लाली पुसायची. कोट घालायचा, खालचं बटण उघडं ठेवायचं, आणि झाकण लावायचं. परवा पुरायचं होतं. मधे एक दिवस होता.

फक्त हे कोणाला तरी सांगायला हवं होतं, आणि सांगणं हे माझं काम कधीच नव्हतं. लायब्ररीत मी तीस वर्षं लोकांना बोटानं 'हळू' एवढंच सांगितलं.

मी मिस्टर ऑडेल यांना गाठलं. अंत्यविधीगृह त्यांचं. चकचकीत बूट, चकचकीत डोकं, आणि दात असे पांढरेशुभ्र की त्यांच्याकडे बघताना मला वॉशबेसिन आठवत होतं.

"मिस्टर ऑडेल, कपडे... म्हणजे... बदलता येतात का? अजून?"

"नक्कीच, सर! काही आवडलं नाही का?" त्यांनी माझ्या कोटाकडे पाहिलं, मी काय म्हणतोय ते त्यांच्या ध्यानात आलं, आणि हसू जागच्या जागी थिजलं. "पण ते मिसेस पेल्हम सांगतील तसं. शेवटी त्यांच्या आठवणीत राहणार ते हेच रूप."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी डार्लीनला सांगायचं असं ठरवून मी खाली आलो, तर ती गाडीची किल्ली हातात घेऊन तयार.

"चल, ऑब्री. तुला सूट घेऊ."

"नको, नको. माझ्याकडे आहे."

"हे?" तिनं माझ्या बाहीकडे बोट केलं. बोट लावलं नाही. "राजा, उद्या अख्खं गाव येणार आहे. डेसचा भाऊ म्हणून तू पहिल्या ओळीत बसणार. लाजू नकोस. देणं-घेणं आपलं आपसात. कोणाला कळणारसुद्धा नाही."

तिच्या डोळ्यांत खरी माया होती. तेच तर वाईट होतं. तिनं मला कंगाल ठरवलं होतं आणि मायेनं ठरवलं होतं. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि अर्ध्या तासात मी एका प्रचंड दुकानात उभा होतो. आत उन्हाळा-हिवाळा नव्हताच, कुठूनतरी गाणं झिरपत होतं, आणि नव्याकोऱ्या कापडाला येतो तो रंगाचा, खळीचा वास घशाशी येत होता.

तिथं एका मांडणीवर ट्वीडचे कोट होते. मला क्षणभर बरं वाटलं. जवळ गेलो तर प्रत्येक कोटाच्या कोपरांवर ठिगळं. नवीन कोट, नवीन ठिगळं, दोन्ही बाजूंना एकसारखी, कारखान्यातून शिवून आलेली. खाली कापड धडधाकट. कोपर एकदाही टेबलावर टेकलेलं नाही, आणि ठिगळ तयार!

मला त्याची इतकी किळस आली की माझी मलाच भीती वाटली. कोणीतरी जखम नसताना पट्टी बांधून मिरवावं तसं वाटलं. शेवटी ठिगळंच ती, एवढं काय? पण मी हात मागं घेतला.

"हा आवडला का तुला?" डार्लीननं विचारलं. "तुझ्यासारखाच आहे. फक्त स्वच्छ."

"नको," मी म्हणालो. त्या दुकानातलं माझं हे एकमेव स्पष्ट वाक्य.

शेवटी तिनं बिस्किटी रंगाचा एक चमकदार सूट निवडला. विक्रेत्या तरुणानं तो मला चढवला, पाठीवर थाप मारली आणि तिन्ही बटणं लावली.

"बघा सर! दहा वर्षांनी लहान!"

आरशात मला ऑडेल यांचं पुढचं गिऱ्हाईक दिसलं.

*

दुपारी घरी आम्ही दोघंच होतो. शेजारणींनी आणून दिलेल्या पदार्थांनी स्वयंपाकघरातलं टेबल भरलं होतं. त्यातला एक म्हणजे हिरवी जेली, तिच्यात किसलेलं गाजर आणि पांढरे गोड गोळे तरंगत होते, आणि त्याला ते सॅलड म्हणत होते. मी त्या जेलीकडे बघत बसलो होतो. अंगात पुन्हा बाबांचा कोट. नवा सूट वर कपाटात प्लास्टिकमध्ये लटकत होता. डार्लीन भांडी विसळत होती. तिची पाठ माझ्याकडे होती, म्हणून मला बोलता आलं.

"डार्लीन, एक विनंती आहे. आम्हा भावंडांची. विनिफ्रेडची आणि माझी."

"बोल ना."

"डेस्मंडला हा कोट घालावा. उद्या. त्या निळ्याऐवजी. हा आमच्या वडिलांचा आहे. म्हणजे त्याचाच आहे खरं तर. थोरल्याचा."

पाण्याचा आवाज थांबला. ती वळली. हात पुसत पुसत माझ्याजवळ आली आणि बराच वेळ कोटाकडे पाहत राहिली. मग तिनं दोन बोटांच्या चिमटीत कोटाची कड धरली आणि माझ्या अंगावरच तो बाजूला उघडला. मेलेल्या उंदराची शेपटी धरावी तसा. अस्तर दिसलं. डाग दिसला.

"देवा," ती म्हणाली. "हाच आहे. मला वाटलं होतं तुम्ही केव्हाच जाळला असेल."

"जाळला? का?"

"हे काय आहे माहीत आहे ना तुला?"

"चहा," मी म्हणालो. "बाबांचा."

तिनं कड सोडली. माझ्याकडे पाहिलं. रोंडानं पाहिलं होतं तसं नाही.

"ऑब्री, तुझे वडील गेले तेव्हा तू केवढा होतास?"

"सात वर्षांचा."

"आणि डेस सोळाचा. तो त्यांच्या शेजारी बसला होता. तुमच्या त्या पाद्र्याच्या घरी, जेवणाच्या टेबलावर. तुझ्या वडिलांच्या पोटात काहीतरी फुटलं आणि रक्त वर आलं. तोंड भरून. आणि त्यांनी काय केलं माहीत आहे? टेबलावर पांढरी चादर होती. ती खराब होऊ नये म्हणून त्यांनी मान वळवली, कोट असा उघडला आणि आत... आपल्याच कोटात ओकले. मग कोट मिटून घेतला, म्हणाले 'माफ करा', आणि तसेच बसून राहिले. कोणाला काही कळलं नाही. डेसला तेवढं कळलं. पुडिंग येईपर्यंत ते गेले होते."

 बाबांनी 'माफ करा' म्हटलं असणार, याबद्दल माझ्या मनात जराही शंका आली नाही. म्हणूनच सगळं खरं वाटलं.

"आणि तुमच्या आईनं," डार्लीनचा आवाज चढला, "तो कोट व्हिनेगरनं पुसला आणि पुढच्या सत्राला पोराला घालून शाळेत पाठवला! कापड चांगलं आहे म्हणून! माझा डेस त्यात वर्षानुवर्षं वावरला. पावसात भिजला की वास सुटायचा. पोरं शेजारी बसायची नाहीत. तो मला म्हणायचा, 'पाऊस आला की बाबा वर यायचे.'"

मला कोट काढायचा होता. ताबडतोब. पण उजव्या बाहीचं अस्तर आत फाटलेलं आहे, हात नेहमी त्यात अडकतो, आणि रोज मी तो सवयीनं सोडवतो. त्या दिवशी सुटेना. मी हात झटकत उभा राहिलो, खुर्ची पडली, ते कापड बोटांना गुंडाळत चाललं होतं आणि मला वाटत होतं की ते ओलं आहे. शेवटी डार्लीननं मागून ओढून काढला. मी सिंकवर वाकलो. ते सगळं मी इथं लिहीत नाही.

तिनं मला पाणी दिलं. खुर्ची उचलून बसवलं.

"तो सूट डेसनं स्वतः घेतलाय," ती म्हणाली. "वसंतात. डॉक्टरांनी सांगितल्यावर. तीन दुकानं फिरलो आम्ही. मला म्हणाला, 'ज्यात कोणी कधी जगलं नाही असं काहीतरी घाल मला.' निळा त्यानंच निवडला. आरशासमोर किती वेळ उभा होता! मी म्हटलं, सगळी बटणं लावून गुदमरशील. तर म्हणाला, 'सगळी लाव. खालचंसुद्धा.' आणि हसला. मला काही कळलं नाही तेव्हा."

मला कळलं. पण ते तिला समजावून सांगणं माझ्या ताकदीबाहेरचं होतं.

*

दुसऱ्या दिवशी मी बिस्किटी सूट घातला. दुसरं काय घालणार होतो?

कापड अंगाला चिकटत होतं आणि सरसरत होतं. मी घामेजलो की त्याला तापलेल्या प्लास्टिकच्या बादलीसारखा वास येत होता. रांगेतली माणसं माझा हात हातात घेऊन हलवत होती. "आता कसं!" एक जण म्हणाला. "परवा आम्हाला काळजीच वाटली होती तुमची." एक म्हातारी म्हणाली, "अगदी डेससारखे दिसता हो." मी पेटीकडे पाहिलं. लाली तशीच होती. शिसारीही तशीच आली. मला वाटलं होतं, खरं काय ते कळल्यावर ती जाईल. गेली नाही. फक्त आता मी "छान दिसतोय" असं डार्लीनला म्हणालो, आणि ती रडली.

कबरीभोवती त्यांनी मातीच्या ढिगावर हिरवं प्लास्टिकचं गवत अंथरलं होतं, लोकांना चिखल दिसू नये म्हणून. पाऊस भुरभुरत होता. त्या गवतावर पाणी थेंबाथेंबानं उभं राहत होतं, आत मुरत नव्हतं.

घरी परतल्यावर मी मागच्या दाराशी गेलो. रोंडानं कोट एका काळ्या कचऱ्याच्या पिशवीत घालून, तोंड बांधून डब्याशेजारी ठेवला होता. मी पिशवीकडे बघत उभा राहिलो.  मग मी गाठ सोडली.

"ऑब्री?" डार्लीन दारात उभी होती. "काय करतोयस?"

"टाकायला नको," मी म्हणालो. "कापड चांगलं आहे."

बोललो आणि माझं मलाच ऐकू आलं. हे माझे शब्द नव्हते, आवाजही माझा नव्हता. आईचा होता.

 डार्लीननं सुस्कारा सोडला. "तुम्ही लोक! आण इकडे."

दुकान त्या दिवशी बंद होतं. तिनं मागचं दार उघडलं. आत तीस वर्षांच्या रसायनांचा तिखट वास, आणि छतापासून लटकणारे गावाचे कपडे, प्रत्येक पारदर्शक पिशवीत. डेस्मंडचं आयुष्य हे असं होतं तर. तिनं कोपरापर्यंत रबरी हातमोजे चढवले आणि कोट यंत्रात टाकला. आम्ही दोघं बाकावर बसलो. गोल काचेतून बाबांचा कोट फिरताना दिसत होता, बाह्या वर यायच्या, खाली जायच्या. मी डोळे मिटून घेतले.

बाहेर आला तेव्हा त्याला कसलाच वास नव्हता. कुत्र्याचा नाही, तंबाखूचा नाही, आमच्या घराचा नाही. डाग मात्र तिथंच. उलट आता स्वच्छ कापडावर जास्तच उठून दिसत होता.

"हा निघत नाही," ती म्हणाली. "अस्तरच काढावं लागेल. काढू?"

मी होकारार्थी मान हलवली. तिनं कात्रीनं शिवण उसवली, जुनं अस्तर एका ओढीत फाडून काढलं, डब्यात टाकलं आणि झाकण दाबून बसवलं. मग फळीवरून कापडाचा एक तागा काढला.

"हायस्कूलच्या बँडच्या गणवेशातलं उरलंय. दुसरा रंग नाही माझ्याकडे. चालेल ना?"

फिकट निळं. चकचकीत. साखरेच्या फुलांचं.

"चालेल," मी म्हणालो. 

*

विनी फाटकापाशीच दिसली. अंगात आईचा स्वेटर, कोपरं बाहेर आलेली.

"तू तो परत आणलास!"

"त्याला नको होता, विनी."

"त्याला काय विचारायचं? मेलाय तो." तिनं नाक वर करून हवेत हुंगलं. "आणि तुला कसला वास येतोय? दवाखान्यासारखा?"

आम्ही आत गेलो. तिनं चहा ओतला, टोस्ट भाजले. मी कोट घालूनच बसलो. घरात थंडी होती, आमच्या घरात नेहमीच असते. कितीतरी वेळ मी वाक्य जुळवत होतो.

"विनी, बाबांचा चहा... म्हणजे तो डाग..."

"त्याचं काय?"

"तो चहा नव्हता."

"नव्हताच मुळी," ती म्हणाली आणि टोस्टला लोणी लावू लागली. अगदी कडेपर्यंत, नेहमी लावते तसं. "आईनं किती घासला, जाईचना. मार्मलेड दे इकडे."

"तुला माहीत होतं?"

"सगळ्यांना माहीत होतं. तू लहान होतास. चहा म्हणायचं असं ठरलं होतं."

"आणि इतकी वर्षं मी तो... तू मला घालू दिलास?"

"काय झालं मग? बाबांचंच होतं ना? परक्याचं थोडंच!" ती खरोखरच गोंधळून माझ्याकडे बघत होती. "ट्वीड आहे तो, ऑब्री. तुला काय वाटतं, असलं कापड कुठं मिळतं आता? असल्या गोष्टीपायी कोणी कोट टाकत नाही."

तिनं टोस्टचा मोठा घास घेतला. मी मार्मलेडची बरणी घ्यायला टेबलावरून पुढं वाकलो, आणि कोट उघडला.

"शी!"

विनीच्या हातातून टोस्ट पडला. तिनं रुमाल तोंडावर दाबून धरला आणि खुर्ची मागं सरकवली. माझ्या बहिणीनं लढाईत रुग्णवाहिका चालवली होती. तिच्या चेहऱ्यावर असा भाव मी कधी पाहिला नव्हता.

"हे... हे काय आहे? सॅटिन?"

"अस्तर."

"निळं? बाबांच्या कोटाला? चकाकतंय ते!" तिनं डोळे मिटून घेतले. "उतरव. आत्ताच्या आत्ता उतरव. मी जेवतेय, ऑब्री. मला उलटी होईल."

मी उठलो. कोटाच्या बाहीत हात किती सहज सरकत होता, हे मला सारखं जाणवत होतं, आणि ते गुळगुळीत, गार कापड मनगटाला लागलं की अंगावर काटा येत होता. अजूनही येतो. मला तो उतरवायचाही होता. विनी सांगेल ते मी आजवर करत आलो आहे.

मी उतरवला नाही. मी पहिलं बटण लावलं. मग मधलं.

"आता दिसत नाही," मी म्हणालो.

विनीनं रुमालाआडून एक डोळा उघडला. कोटाच्या खालच्या टोकाशी, जिथं दोन कडा अलग होतात, तिथं निळ्याची एक तिरपी चीर चमकत होती. तिनं दुपारच्या चहाला येणाऱ्या पाद्रीबुवांच्या खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा त्या चिरेकडे.

"खालचंसुद्धा लाव," ती म्हणाली.